शंभल नक्की कुणाचं, पुराणांचं की कालचक्राचं?

आडवाटेचा
परवा घरी सत्यनारायण होता. गुरुजींनी संकल्पात नेहमीसारखं 'बौद्धावतारे' म्हटलं आणि भाच्याने लगेच विचारलं, मामा, पुढचा कल्की ना, तो हिमालयातल्या त्या गुप्त शंभलातून येणार ना? युट्यूबची कृपा.

तर माझं मत असं की भागवताच्या १२व्या स्कंधात 'शम्भलग्राममुख्यस्य ब्राह्मणस्य' एवढंच आहे. ग्राम! विष्णुयश नावाच्या ब्राह्मणाचं घर, बस्स. बर्फाचे डोंगर, आठ पाकळ्यांच्या कमळासारखा प्रदेश, कलाप राजधानी, हे सगळं कालचक्रतंत्र हा बौद्ध ग्रंथ आणि त्यावरच्या विमलप्रभा टीकेच्या परंपरेतलं, म्हणजे ११व्या शतकाच्या आसपासचं. गाव पुराणांचं, त्याचं राज्य केलं बौद्धांनी, आणि 'शांततेचं गुप्त नंदनवन' हे तर थिऑसॉफीवाले (गूढविद्येवाला पाश्चात्त्य पंथ) नि रशियन चित्रकार रोरिक यांच्यानंतरचं. कुणाला पटत नसेल तर बोला.

तुपातली_पोळी
नाही पटत. तुम्हीच म्हणताय गाव पुराणात आहे, महाभारताच्या वनपर्वातही कल्की शंभलातच जन्मतो, मग मूळ कुठलं यावर वाद कसला? नाव आपलं, कल्की आपला, त्यांनी उचललं आणि वर राजांची यादी जोडली. आणि मुरादाबादजवळचं संभल आजही आहे की नकाशावर.

कोरा_कागद
'उचललं' काय हो, विष्णुपुराण वाचणारे आणि कालचक्र लिहिणारे एकाच देशात एकाच भाषेत लिहीत होते, संस्कृतमध्ये. तिबेटी नंतर. परंपरा म्हणते की शंभलच्या सुचंद्र राजाने बुद्धाकडून हा उपदेश धान्यकटकाला घेतला, म्हणजे आंध्रातलं अमरावती, तिबेट नव्हे.

आणि उचलून काय केलं ते बघा ना! शंभलचा आठवा राजा यश, तोच पहिला कल्की; इथे कल्की ही राजांची पदवी. त्याच्या राज्यात साडेतीन कोटी ब्राह्मण ऋषी, सूर्यरथ त्यांचा म्होरक्या. यश म्हणतो, सगळ्या वर्णांनी एका वज्रकुलात, म्हणजे एकाच बौद्ध कुळात या, नाहीतर चालू लागा. ऋषी खरंच निघाले, मग त्याने त्यांना मोहात पाडून परत आणलं. टीकेत कल्की शब्दाची फोड 'कल्क' वरून केलीय, सगळे वर्ण एकत्र वाटले तो कल्क. पुराणातला कल्की वर्णाश्रम पुन्हा बसवायला येतो आणि हा मोडायला. ह्याला कॉपी म्हणायचं?

वैद्यबुवांची_सून
कल्क!! आमच्याकडे रोज वाटला जातो, ओल्या औषधाचा लगदा 😀 ही फोड माहीतच नव्हती.

तुपातली_पोळी
फोड छान आहे पण व्याकरणाच्या कसरतीने मूळ बदलत नाही.

आडवाटेचा
कोरा_कागद, वर्णांचा मुद्दा मान्य, मी 'राज्य केलं' म्हणून फारच उडवून लावलं. पण मग पंचविसावा कल्की रौद्रचक्री, हत्ती-घोड्यांची फौज घेऊन म्लेच्छांवर निघतो, त्या म्लेच्छांच्या आचार्यांच्या यादीत मोहम्मद आणि मानी (इराणी धर्मसंस्थापक) सुद्धा आहेत. मध्य आशिया आणि वायव्य भारतात तेव्हा काय चाललं होतं ते उघड दिसतं. तिबेटी गणिताने हे युद्ध २४२४च्या सुमारास. आपलं कलियुग ४,३२,००० वर्षांचं, त्यातली जेमतेम पाच हजार सरलीत, म्हणजे पुराणांना घाई नाही, ह्यांना होती. भेदरलेल्या माणसांनी लिहिलंय हे. यात नंदनवन कुठे?

कोरा_कागद
आतल्या अर्थाने ते युद्ध शरीरात होतं, हेही त्याच तंत्रात आहे. तेवढं सोयीस्करपणे गाळलंत.

लेहवाली_मावशी
मी २०१४ला लेहला होते, दलाई लामांचा कालचक्र दीक्षेचा सोहळा होता, माणसांचा समुद्र नुसता. शेजारच्या लडाखी आजींना विचारलं शंभल कुठेय, त्या हसून म्हणाल्या पुण्य असेल तर दिसतं. तुमचा नकाशा तुम्हाला लखलाभ.

बाकी तुम्ही सगळे उत्तरकुरू विसरलात! ऐतरेय ब्राह्मणात तो हिमवंतापलीकडे आहे, पाली आटानाटिय सुत्तात तिथे न नांगरता भात पिकतो. हिंदू-बौद्ध दोघांचं सुखाचं उत्तरेकडलं गाव शंभलच्या कितीतरी आधीपासून आहे, शंभल त्याच जागेवर जाऊन बसलं असं मला वाटतं.

आडवाटेचा
हे मात्र पटलं. १८३३ साली चोमा द कोरोशी या हंगेरियन अभ्यासकाने शंभल ४५ ते ५० उत्तर अक्षांशात बसवलं आणि तेव्हापासून गोरे लोक शोधत सुटले. चीनने तर २००१मध्ये युनानमधल्या झोंगदियनचं नावच शांग्रीला केलं, हिल्टनच्या कादंबरीतल्या गुप्त नंदनवनाचं, टुरिस्टसाठी.

तुपातली_पोळी
उत्तरकुरू ऐतरेय ब्राह्मणातलंच ना? मग परत आमचंच 😏

लेहवाली_मावशी
घ्या बाबा, भातही तुमचाच.