पाचवीतली लेक गणिताची वही गादीखाली लपवते. क्लास लावू का?

शिलाईवाली_आई | १४ नोव्हेंबर २०२२

नमस्कार. इथं वाचते बरेच दिवस, लिहितेय पहिल्यांदाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

काल गादी उन्हात टाकायला उचलली, तर खाली गणिताची वही आणि सहामाहीचा पेपर, चार घड्या घातलेला. लेखीत ४० पैकी ११. मला सांगितलं होतं, बाईंनी पेपर अजून दिलेच नाहीत. मी चिडले. दोन धपाटेही घातले, खोटं कशाला बोलू. ती रडली नाही, नुसती बघत राहिली. तेच मला रात्रभर टोचत होतं.

लेक पाचवीत आहे. चौथीपर्यंत गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होती, वर्गात १७ पोरं. गुरुजी तिला 'आमच्या कलेक्टरीणबाई' म्हणायचे. गावात शाळा चौथीपर्यंतच, म्हणून जूनपासून शिरवळला हायस्कूलला जाते, वडापच्या जीपनं. तुकडीत ६२ मुलं. पहिले दोन महिने घरी येऊन सगळं सांगायची, आता दप्तर टाकते आणि शेळीपाशी जाऊन बसते. सोमवारी सकाळी हमखास पोटात दुखतं.

वही उघडून बघितली. ६१२ भागिले ६, उत्तर १२. खाली लाल फुली. असे सात-आठ. पुढं अपूर्णांक: अर्धा अधिक पाव म्हणजे १/२ + १/४, तर हिनं लिहिलंय २/६. मी दिवसभर टेप गळ्यात घालून ब्लाउज शिवते. अर्ध्या इंचात पाव मिळवला की पाऊण होतो हे मला झोपेतही कळतं, पण वहीत ते कसं मांडायचं ते सांगता येत नाही. बारावी आर्ट्स आहे मी. मिस्टर कंपनीत आहेत, तीन पाळ्या. घरी असतात तेव्हा झोपलेले असतात.

त्यात शाळेनं स्कॉलरशिपच्या फॉर्मवर सही मागितलीय. परीक्षा फेब्रुवारीत. त्याचा जादा तास सकाळी ८ ला, म्हणजे घरातून ७ ला निघायचं. जाऊबाई म्हणतात क्लास लाव, महिना ८०० रुपये. लावू का? आणि फॉर्मवर सही करू का नको?

उंब्रज_एक्सप्रेस | १४ नोव्हेंबर २०२२

क्लास लावाच. आमच्या पुतण्याला लावला, फरक पडला. स्कॉलरशिप सोडू नका, पुढं स्पर्धा परीक्षांची सवय लागते. आणि मारू नका हो पोरीला.

निवृत्त_बाई | १५ नोव्हेंबर २०२२

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळांत ३१ वर्षं शिकवलं. त्यातली निम्मी तिसरी-चौथीवर गेली. म्हणून जरा लांबण लावते, वेळ मिळेल तसं वाचा.

आधी एक हिशोब मांडून बघा. आज पाचवीत म्हणजे ही २०१९-२० साली दुसरीत होती. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, दुसरीची वार्षिक परीक्षा झालीच नाही. तिसरी सगळी घरात. चौथीत डिसेंबर २०२१ ला वर्ग उघडले, जानेवारीत काही दिवस पुन्हा बंद. हातच्याची वजाबाकी, गुणाकाराची मांडणी, भागाकार हे सगळं नेमकं त्या दोन वर्षांतलं. तुमच्या गुरुजींनी मोबाइलवर स्वाध्याय पाठवले असतील, देवळाच्या ओवरीत चार-चार पोरं बसवलीही असतील. आम्ही सगळ्यांनीच ते केलं. पण भागाकार मोबाइलवर शिकवता येत नाही, निदान मला तरी आला नाही. आणि वर्षाच्या सुरुवातीला महिनाभराचा सेतू अभ्यास घेऊन दोन वर्षं भरून निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी ६२ पोरांच्या तुकडीसमोर उभं राहून दाखवावं.

तेव्हा पाचवीचं पुस्तक पंधरा दिवस बाजूला ठेवा. कुठं तुटलंय ते आधी बघू. तिला ५०२ वजा १६७ करायला सांगा. तुम्ही तुमचं शिवत बसा, अंगावर नजर ठेवू नका. उत्तर ३३५ आलं तर उत्तम. ४६५ आलं तर समजा की ती प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक काढतेय, हातचा घेणं तिला उमगलेलंच नाही. मग भागाकाराला दोष देण्यात अर्थ नाही.

आता तो ६१२ चा भागाकार. तिनं १२ लिहिलंय म्हणजे तिला भाग लावता येतो, पण मधल्या १ ला ६ चा भाग जात नाही तेव्हा वर शून्य मांडायचं असतं, ते कुणी हाताला धरून दाखवलेलं नाही. कागद-पेन्सिल नको. जुन्या कॅलेंडरची पानं कापून शंभराच्या, दहाच्या, एकाच्या नोटा करा. सहा वाट्या मांडा. सहा शंभराच्या नोटा वाटल्या, प्रत्येक वाटीत एक. मग दहाची एकच नोट उरली. सहा जणांत ती कशी देणार? नाही देता येत. इथं थांबायचं. तिच्याच तोंडून येऊ द्या, 'दहाची कुणालाच नाही'. ते 'कुणालाच नाही' म्हणजे वरचं शून्य. मग ती नोट मोडून सुटे १०, आधीचे २, झाले १२, प्रत्येकाला २. एकशे दोन. हे चार दिवस नुसतं नोटांनी करा, पाचव्या दिवशी वहीत.

ती मोठ्यानं वाचताना बासष्टला 'साठ दोन' म्हणते का? म्हणत असेल तर हसू नका. ती दुसरीत होती त्याच साली गणिताच्या नव्या पुस्तकात तसं आलं होतं आणि गावभर चेष्टा झाली होती. मला स्वतःला ते कानाला खटकायचं. पण दशक-सुटे समजायला त्यानं नुकसान होत नाही. दोन्ही म्हणू द्या.

अपूर्णांकांचं तर तुम्ही मला शिकवाल. तिला टेप द्या आणि विचारा, तू लिहिलेलं २/६ अर्ध्यापेक्षा मोठं की लहान? अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून लहान आलं, हे तिला टेपवर दिसू दे. दिसलं की ती स्वतःच खोडेल. चार पावांतले दोन पाव म्हणजे अर्धा, त्यात एक पाव, झाले तीन पाव. छेद समान करणं म्हणजे एवढंच.

क्लास आत्ता नको. क्लासात पाचवीचंच पुन्हा जोरात शिकवतील.

दोन_पोरांचा_बाप | १५ नोव्हेंबर २०२२

बाईंनी गणिताचं सांगितलं, मी लपवण्याचं सांगतो. आमच्या थोरल्यानं पाचवीत प्रगतिपुस्तकावर माझी सही ठोकली होती. इतकी चांगली जमली होती की शाळेत कळलंच नाही, मलाच कळलं, कारण मी मराठीत सही करतो आणि त्यानं इंग्रजीत केली.

मी पण हाणला होता. नंतर त्याच्या आईनं काढून घेतलं: गावच्या शाळेत पहिला यायचा, इथं चाळिसावा, आणि ते आम्हाला सांगायची लाज. तुमच्या 'कलेक्टरीणबाईं'चं तेच असणार. तिच्यासमोर जाऊबाईंना मार्क सांगू नका. वर्गशिक्षिकांना भेटा, पण पालकसभेत नको, तिथं तीस आयांच्या रांगेत दीड मिनिट मिळतं. शाळा सुटल्यावर जा. रागवायला आलेय असं वाटू देऊ नका. 'ती कुठल्या बाकावर बसते' एवढंच विचारा. आमचा शेवटून दुसऱ्या बाकावर होता आणि त्याला फळा दिसत नव्हता. चष्मा लागला होता, आम्हाला पत्ता नाही.

यंदा, २०२२-२३ ला तरी, आठवीपर्यंत नापास करत नाहीत, त्यामुळे वर्ष जाईल ही भीती सोडा. तेवढ्यानं निश्चिंतही होऊ नका म्हणा.

निवृत्त_बाई | १६ नोव्हेंबर २०२२

स्कॉलरशिपचं राहिलं होतं. दोन पेपर असतात, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, दीड तास. पहिल्यात भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. चुकलं तर गुण कापत नाहीत. अनुभव म्हणून बसायला हरकत नाही, पण गणिताचेच ५० प्रश्न आहेत आणि तुमचं घर सध्या तिथंच गळतंय. सही करायची की नाही हे तिला विचारा. ती 'नाही' म्हणाली तर खरंच नाही करायची, हे आधी स्वतःशी ठरवून मग विचारा.

शिलाईवाली_आई | १५ जानेवारी २०२३

संक्रांतीच्या ऑर्डरींनी मान वर काढू दिली नाही, उशिरा लिहितेय.

बाई, ४६५ च आलं. मी मशीन थांबवून बघत बसले, तुम्ही नको म्हणाला होता तरी. मिस्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, "मला वाटलं गुरुजींनी शिकवलं असंल." ती दोन वर्षं फोन त्यांच्याबरोबर कंपनीत जायचा आणि रात्री साडेबाराला घरी यायचा, स्वाध्याय त्याच फोनवर. हे आमच्या दोघांच्या डोक्यात तेव्हा आलंच नव्हतं.

नोटा केल्या. वाट्यांच्या जागी बॉबिनचे डबे घेतले. पहिले तीन दिवस तिला लहान पोरांचा खेळ वाटला, धाकटा भाऊ खेळायला आल्यावर मात्र त्याला शिकवायला लागली. तिथून गाडी सुरू झाली. वजाबाकीलाच पूर्ण डिसेंबर गेला. सातचा पाढा अजून ४२ वर अडतो.

दादा, बाकाचं विचारलं. पाचवा बाक, फळा दिसतो. पण वर्गशिक्षिका म्हणाल्या, ही मुलगी बोलते हेच मला माहीत नव्हतं. मी म्हटलं घरी शेळीशी बोलते. हसल्या. आता तिला दुसऱ्या बाकावर घेतलंय. पोटदुखी कमी आहे, गेली असं नाही म्हणणार.

सही केली. तिलाच विचारलं, तर म्हणाली बुद्धिमत्तेचं आवडतं, आरशातली आकृती आणि घडी घालून कापलेला कागद. रोज माझ्या टेबलावर दुमडलेलं कापड कापताना बघते, तिला ते येणारच. बुद्धिमत्तेचा तास असेल त्या दोन दिवशीच सकाळी जाते, शाळेतल्या बाईंनी चालेल म्हटलंय. परीक्षा १२ फेब्रुवारीला. जाऊबाईंना यातलं काही सांगितलेलं नाही.

वही आता शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये असते, ती स्वतःच ठेवते. काल ९१८ भागिले ९ केलं होतं. आधी १२ लिहिलेलं, मग खोडून १०२. खोडलेलं मला दिसू नये म्हणून इतकं घासलंय की कागदाला भोक पडलंय.

निवृत्त_बाई | १५ जानेवारी २०२३

भोक पडू दे. उद्या २००६ भागिले २ द्या. यात दोन शून्यं आहेत, भांडेल तुमच्याशी. आणि खोडरबर लपवून ठेवा. खोडलेलं मला बघायला आवडतं असं तिला सांगा, एका म्हातारीनं सांगितलंय म्हणावं.