चौपाया, आत बसायचा यंत्रमानव की अंगावरचा सांगाडा: वर्षभराची वर्गणी कशावर लावायची?

ऐरोलीचा चौपाया
मंडळी, रविवारी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या शेडमध्ये आपण बारा हौशी यंत्रवाले जमलो, वर्गणीचे ४० हजार मोजले, तीन तास भांडलो आणि काहीच न ठरवता घरी गेलो. निम्म्यांना माणूस आत बसेल असा चार मीटर उंच यंत्रमानव हवाय, काहींना अंगावर चढवायचा यांत्रिक सांगाडा. चौपाया, म्हणजे चार पायांवर चालणारं यंत्र, हवं म्हणणारा मी एकटा. तिथल्या गलक्यात नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितो.

उंच यंत्रमानवाचा नाद सोडावा असं मला मनापासून वाटतं. उंची दुप्पट केली की वजन आठपट होतं, ते पेलणाऱ्या पायाच्या छेदाचं क्षेत्रफळ मात्र चौपटच. गॅलिलिओने १६३८ मध्ये हे लिहून ठेवलंय. गुडघ्यावरचा पीळ, म्हणजे सांधा वळवणारा जोर, तर सोळापट, कारण वजनाबरोबर मांडीची लांबीही वाढते. जपानात योकोहामाला १८ मीटरचा, २५ टनांचा गंडाम हा यंत्रमानव डिसेंबर २०२० पासून मार्च २०२४ पर्यंत लोकांना पाहायला मिळाला. त्याचे पाय हलायचे, पण पाठीमागून कमरेला धरणारा आधार होता म्हणून. माणूस आत बसतो तो २०१२ चा जपानी कुराटास चार मीटरचा, साडेचार टनांचा, आणि तो चाकांवर पळतो.

आता चौपायाच का? १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर रस्ता नाही, त्यामुळे जेसीबी पोचेना. माणसांनी फावड्या-घमेल्यांनी चिखल उपसला. मी पाणी पोचवायला गेलो होतो. खांद्यावर वीस लिटरचा कॅन, घोट्यापर्यंत चिखल. एका वळणावर डावा हात दगडावर टेकला, गुडघा वर घेतला आणि तसाच सरकत गेलो. त्या क्षणी मी चौपायाच झालो होतो. वीस किलो ओझं घेऊन ती पायवाट चढेल असं यंत्र आपण केलं पाहिजे. एका वर्षात होणार नाही, ठाऊक आहे.

माझ्या गॅलरीतला नमुना १ किलो ६०० ग्रॅमचा आहे. दुडक्या चालीत दोनच पाय जमिनीवर असतात, म्हणजे प्रत्येकावर ८०० ग्रॅम. पाऊल गुडघ्यापासून आठ सेंटिमीटर पुढे असलं की सांध्यावर ६.४ किलो-सेंटिमीटर पीळ. साध्या धातूच्या गिअरचा सर्व्हो, म्हणजे सांधा वळवणारी छोटी मोटर, साधारण १० ला अडकून बसतो. ६.४ पेलत राहिला की दहा मिनिटांत तो हाताला चटका देतो, मग वार्निश जळाल्याचा वास येतो. वर्गणी मला चांगल्या मोटरींसाठी हवीय.

रबाळे हायड्रॉलिक
माझं पोट उत्खनन यंत्रांच्या सिलिंडरवर चालतं, म्हणून जरा अधिकाराने बोलतो. गॅलिलिओ बरोबरच आहे. पण पाच टनांचा हत्ती चालतोच की! स्वित्झर्लंडचं मेंझी मुक हे उत्खनन यंत्र घ्या, ती तर डोंगरउतारावर पाय रोवून खोदकाम करते आणि चालक आतच बसलेला असतो. म्हणजे माणूस आत बसवलेलं, पायांचं, कामाचं यंत्र जगात आहे. आपण ते सोडून हातभर लांबीची खेळणी का करत बसायचं?

माझा प्रस्ताव अख्ख्या यंत्रमानवाचा नाहीच. एकच पाय, पूर्ण आकाराचा, जमिनीला बोल्ट करून. महापेच्या भंगारात ६३ बोअरचा, म्हणजे आतून ६३ मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर मिळतो. १०० बार दाब दिला की तीन टनांच्या वर जोर. आपल्या पोरांनी एकदा तो गुडघा वाकताना शेजारी उभं राहून बघावा. जमीन हादरते ना, त्याने माणूस या कामाला कायमचा चिकटतो. मी तसाच चिकटलो.

ऐरोलीचा चौपाया
दादा, जोर मिळेल, पण वेगाचं काय? तोच ६३ चा दट्ट्या सेकंदाला ३० सेंटिमीटर हलवायचा तर मिनिटाला ५६ लिटर तेल लागतं. १०० बारला हे साडेबारा हॉर्सपॉवर झालं, एका सिलिंडरला. एका पायाला असे तीन. शिवाय माणूस तीन मीटरवर बसवला आणि यंत्र कोलमडलं, तर सरळ खाली आला तरी ताशी २८ किलोमीटर वेगाने आदळेल. मेंझी मुक खोदताना पाय पसरून बसते, पावलागणिक तोल सावरत पळत नाही. आणि हत्ती उडी मारत नाही, हेही त्या वजनामुळेच.

चरईची फिजिओ
तुम्हा दोघांच्या भांडणात माणसाचं शरीर बाजूलाच राहिलं. दिवसभर मी लोकांच्या दुखऱ्या कंबरा बघते. ५० किलोची गोणी कंबरेपासून ४० सेंटिमीटर पुढे धरून वाकलेला माणूस घ्या. पाठीच्या स्नायूंना तरफेची भुजा मिळते जेमतेम पाच सेंटिमीटर. म्हणजे स्नायूंनी ४०० किलोचा ताण ओढायचा. माझ्या दृष्टीने पैसे इथे लागले पाहिजेत.

आणि सांगाडा म्हटलं की लगेच मोटरी नकोत. जनरल इलेक्ट्रिकने १९६५ मध्ये हार्डीमन करायला घेतला. वजन सुमारे ६८० किलो. धड चालला तो एक हात, सगळा सांगाडा एकत्र चालवू गेले की अनावर झटके यायचे. याउलट २०१५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी घोट्याला स्प्रिंग आणि क्लच लावला. बॅटरी नाही, मोटर नाही, दर पायाला सुमारे अर्धा किलो वजन, आणि चालायची ऊर्जा सुमारे ७ टक्के वाचली. कंबरेसाठी असा स्प्रिंगचा पट्टा आपल्या शेडमध्ये तयार होऊ शकतो. तीन महिने पुरेत.

तुर्भे, कांदा-बटाटा मार्केट
ताई, राग मानू नका, पण माझे वडील एकतीस वर्षं माथाडी होते. गोणी पुढे धरून कुणी चालत नाही, ती पाठीवर जाते. ट्रकमधून फळीवरून उतरताना फळी मधोमध लवते. वडील पाऊल तिरकं टाकायचे आणि ती परत वर येताना दुसरं उचलायचे. कंबरेला पट्टा आवळला तर ते तिरकं पाऊल पडणार कसं? आणि वाकताना स्प्रिंग मदत करेल, पण पाठीवरच्या ५० किलोंनी मणका दाबला जातो त्याचं काय? ते वजन जमिनीत उतरवायचं तर पायापर्यंत सांगाडा हवा. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या ब्लीक्स या सांगाड्याने २००४ मध्ये तेच केलं होतं, इंजिन लावून.

माझी खरी भीती वेगळी आहे. गोणी ५० किलोच्या वर नको, ही मागणी आमच्या लोकांनी भांडून लावून धरली. उद्या पट्टा आला की व्यापारी म्हणेल, आता ७० उचल. सांगाडा करणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

चरईची फिजिओ
फळीचं मला माहीत नव्हतं. मणक्याच्या दाबाबद्दल तुम्ही बरोबर आहात, माझं गणित फक्त उचलण्यापुरतं होतं. पण उचलणंही दिवसातून शेकडो वेळा होतं, आणि माझ्याकडे येणारे बहुतेक जण "वाकलो आणि उसण भरली" असंच सांगतात. ७० किलोच्या भीतीचं उत्तर स्प्रिंगमध्ये नाही, हे मान्य. म्हणून पट्टा करूच नये, हे मात्र मला पटत नाही.

कोपरी पूर्व
चाकांचं कुणीच बोलत नाही! प्रज्ञान रोव्हर २६ किलोचा, सहा चाकांचा, चंद्रावर फिरला. चौपायाचं कौतुक करताना अमेरिकी मरीन सैनिकांसाठीच्या एलएस३ या चौपायाची आठवण ठेवा. ओझं वाहायचा, चढायचा, पण इंजिनाचा आवाज इतका की २०१५ मध्ये तो बाजूला ठेवावा लागला.

ऐरोलीचा चौपाया
इर्शाळच्या पायवाटेवर गुडघाभर उंचीचे दगड आहेत, तिथे चाक किती मोठं लावणार? आवाजाचं मात्र खरं. दरडीखालच्या माणसाची हाक ऐकायची असेल तर यंत्र मुकाट चालायला हवं, म्हणून मी विजेच्या मोटरींवर अडून बसलोय.

रबाळेच्या दादांचा एक पाय जमिनीला बोल्ट करायची कल्पना मी उचलतोय, फक्त मोटरीवरचा आणि ४० सेंटिमीटरचा. अडीच किलोचं वजन लादून दहा हजार उठाबशा, सर्व्हो न जळता. तेवढ्यासाठी १४ हजार द्या. बाकीचे २६ तुम्ही ठरवा.

रबाळे हायड्रॉलिक
४० सेंटिमीटरच्या पायाने जमीन हादरत नाही रे. माझं मत यंत्रमानवालाच. पण बोल्ट करायची प्लेट माझ्याकडून घे, १२ एमएमची पडून आहे.

तुर्भे, कांदा-बटाटा मार्केट
ताई, पट्टा करायचाच असेल तर पहाटे चारला मार्केटात या. गाड्या तेव्हा खाली होतात. वडील येतील सोबत, फळीवर कसं उतरायचं ते दाखवतील. मोजायची टेप तेवढी आणा.