इंटरकूलर तापला की छोटी टर्बो गाडी मलूल होते : तुमचे अनुभव लिहा

घाटवाट
आज भाचीबरोबर तिच्या नव्या एक लिटर टर्बो पेट्रोलमधून घाट चढत होतो. पायथ्याशी रस्त्याचं काम, भर उन्हात इंजिन चालू ठेवून बराच वेळ उभे. वाट मोकळी झाली, तिने ॲक्सिलरेटर दाबला तर गाडी उचलच घेईना. "मामा, बिघडली का हो?" चेहरा एवढासा झाला पोरीचा. म्हटलं थांब, जरा वारा लागू दे. दोन वळणं गेली आणि गाडी पुन्हा पहिल्यासारखी ओढायला लागली.

माझी पहिली टर्बो गाडी आठवली. तिचंही हेच दुखणं. तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं. एका गॅरेजने एअर फिल्टर बदलला, दुसऱ्याने इंधनपंप. फरक शून्य, कारण बिघाड नव्हताच.

टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. तो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते, सायकलच्या पंपाचं बूड तापतं तशी. बाहेर ३० अंश असताना हवा दुप्पट दाबावर नेली तर टर्बोतून निघताना ती १२० अंशांच्या आसपास पोहोचू शकते. तिला खाली आणायचं काम इंटरकूलरचं, आणि तो जगतो वाऱ्यावर. गाडी थांबली की वारा बंद, रेडिएटरची आणि इंजिनाची धग त्याच्या ॲल्युमिनियममध्ये मुरते. हाच हीट सोक. ३० ऐवजी ६० अंशांची हवा आत गेली तर त्याच दाबाला साधारण ९ टक्के कमी हवा मावते. वर नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगी उशिरा टाकतो. म्हणजे मार दुहेरी.

नव्या गाडीवाल्यांनी घाबरून सुटे भाग बदलत बसू नये म्हणून हा धागा. लिहा.

मागचीसीट
आधी भाचीचं अभिनंदन! घाटात चालवते म्हणजे हात बसलाय. रंग कोणता घेतला?

घाटवाट
लाल. तिचाच हट्ट. :)

पाना_दहा
बंपरचं काम झालेल्या गाड्या नीट बघा. मित्राच्या गाडीला पुढून किरकोळ धक्का बसला होता, बंपर रंगवून आला, दिसायला एकदम कोरा. त्यानंतर प्रत्येक ट्रॅफिकमध्ये गाडी ढिम्म. मी खाली वाकून पाहिलं तर बंपरच्या जाळीपासून इंटरकूलरपर्यंत हवा नेणारी प्लास्टिकची वाहिनी परत बसवलीच नव्हती. कडेची फोमपट्टीही गायब. हवा सोपी वाट धरते हो, फिन्समधून (इंटरकूलरच्या पातळ पत्र्यांमधून) घुसण्यापेक्षा बाजूने निसटते. वाहिनी लावली, गाडी सुधारली. इतका साधा तुकडा, पण इंटरकूलरचं अर्धं काम तोच करतो असं माझं ठाम मत आहे.
जास्तीचे दिवे, गार्ड, मोठी पाटी जाळीसमोर लावणाऱ्यांनीही विचार करा.

तिसराच_गिअर
+१ पाना दादा. जाळीसमोरचे ते दिवे बघून जीव तुटतो.

सांजवारा
कपडे वाळत घालता घालता लिहितेय, चुका सांभाळून घ्या. मी ओबीडी डोंगल (गाडीच्या संगणकातले आकडे फोनवर दाखवणारं यंत्र) लावून बघते. ट्रॅफिकमध्येही इनटेक तापमान बाहेरच्यापेक्षा थोडंच वर दाखवतं, पण गाडी तर साफ मेलेली असते. मग हीट सोक नाही का हा?

पाना_दहा
ताई, तुमच्या गाडीत तो आकडा बहुतेक टर्बोच्या आधीचा आहे. एअर फिल्टरनंतर मास एअरफ्लो सेन्सर असतो, बऱ्याच गाड्यांत तापमान तिथलंच येतं. तुम्हाला हवंय इंटरकूलरच्या पुढचं, मॅनिफोल्डजवळचं (हवा सिलिंडरमध्ये वाटणाऱ्या नळ्यांजवळचं). ॲपमध्ये 'चार्ज एअर' नावाचं वेगळं वाचन मिळतंय का बघा. सगळ्या गाड्या देत नाहीत.

सांजवारा
मिळालं!! उभ्या गाडीत सत्तरच्या घरात, हायवेला पंचेचाळीस. आता कळलं. खूप आभार दादा 🙏

जुनं_ते_सोनं
इतिहासातलं थोडं. १९७५ च्या पोर्श ९११ टर्बोला इंटरकूलर नव्हता, ३ लिटरमधून २६० पीएस (अश्वशक्ती). १९७८ ला ३.३ लिटर इंजिन आलं, इंटरकूलर आला आणि ताकद ३०० वर गेली. इंजिन मागे, म्हणून इंटरकूलर मागच्या स्पॉयलरखाली बसवला. त्याच्याही आधी, १९६२ च्या ओल्डस्मोबिल जेटफायरमध्ये इंटरकूलरऐवजी पाणी-मिथेनॉलचं मिश्रण आत फवारायचे. टाकी रिकामी झाली की बूस्ट (टर्बोचा वाढीव दाब) आपोआप मर्यादित. सुबारूच्या डब्ल्यूआरएक्स एसटीआयमध्ये तर इंटरकूलरवर पाणी मारायचा स्प्रे कंपनीच द्यायची. म्हणजे ही उष्णता सगळ्यांनाच पुरून उरलेली आहे. या माणसांनी काय काय डोकं चालवलंय, वाचताना भारावून जायला होतं.

मागचीसीट
सुबारूच्या बोनेटवरचं ते नाकाड त्यासाठीच का? मला वाटायचं शोभेचं आहे.

जुनं_ते_सोनं
त्यासाठीच. इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर बसवलाय, हवा त्या नाकाडातून. पाइप आखूड म्हणून प्रतिसाद चटकन, पण थांबलं की खालून इंजिनाची सगळी धग त्यालाच. काही गाड्यांवरचं मात्र खरंच शोभेचं असतं.

निळी_वाट
पाण्याच्या इंटरकूलरवाले कुणी? फोक्सवॅगनच्या १.० टीएसआयसारख्या इंजिनांत तो इनटेक मॅनिफोल्डमध्येच असतो, पाणी वेगळ्या छोट्या रेडिएटरला जाऊन थंड होतं. माझी गाडी दुसरी आहे पण पद्धत तीच. कूलंट बदलून आणल्यावर गाडी जड वाटायला लागली. डॅशबोर्डवर दिवा नाही, इंजिनाचं तापमान ठीक. शेवटी कळलं की त्या थंड बाजूच्या सर्किटमध्ये हवा अडकली होती, पंप नुसताच फिरत होता. हवा काढली आणि गाडी हलकी झाली. दोन वेगळी सर्किटं असतात हे पक्कं लक्षात ठेवा. मुख्य कूलंट ठीक म्हणजे सगळं ठीक असं नाही.

तिसराच_गिअर
घाटात ट्रकच्या मागे रांगणं सगळ्यात वाईट. भार पूर्ण आणि वारा नाही. मी दोन गोष्टी करतो. ट्रकपासून अंतर ठेवतो, नाहीतर त्याचीच गरम हवा खात बसतो. आणि वरच्या गिअरमध्ये दाबून धरण्यापेक्षा एक गिअर खाली घेतो. आरपीएम वाढले की तेवढ्याच ताकदीला बूस्ट कमी लागतो, हवा कमी तापते. छोट्या टर्बो पेट्रोलमध्ये कमी आरपीएमवर पूर्ण ॲक्सिलरेटर तसाही वाईट, इंधन ठिणगीआधीच पेटतं. त्यासाठीच तर २०१८ ला एसएन प्लस आणि २०२० ला एसपी दर्जाची इंजिन ऑइलं आली.

सांजवारा
गिअर खाली घेतला की बाबा मागून ओरडतात "इंजिन फाटेल". त्यांना हे वाचून दाखवते.

मागचीसीट
काकांना आमचा नमस्कार सांगा. सगळ्या घरातले बाबा सारखेच.

काळा_धूर
डिझेलवाल्यांसाठी. प्रत्येक मलूलपणा हीट सोक नसतो. थंड सकाळी, मोकळ्या रस्त्यावरही गाडी ओढत नसेल, दाबल्यावर शिट्टी वाजत असेल, मागे काळा धूर असेल तर इंटरकूलरचा होज बघा. क्लिप ढिली किंवा रबराला चीर, बूस्ट तिथूनच निसटतो. होजच्या तोंडाशी तेलाचा ओलावा दिसला की जागा सापडली. आत थोडं तेल असणं नेहमीचं, क्रँककेसची (इंजिनाच्या खालच्या, तेलाच्या भागातली) वाफ तिकडूनच जाते. भरपूर असेल तर मात्र टर्बो तपासून घ्या. तेलाचा थर बसला की उष्णता बाहेर पडत नाही.
हीट सोकची खूण एकच, वारा लागला की आपोआप बरा होतो.

घाटवाट
काळा धूर, शेवटची ओळ लाखमोलाची. भाचीला पाठवली.

उतारावर
मोठा इंटरकूलर घालावा का? सगळे बार अँड प्लेट प्रकारचा घे म्हणतात.

पाना_दहा
वापर सांगा आधी. बार अँड प्लेट जड, तापायला वेळ घेतो, पण एकदा तापला की थंड व्हायलाही वेळ. ट्यूब अँड फिन हलका, वारा लागताच लवकर सावरतो आणि मागच्या रेडिएटरला हवाही जास्त सोडतो. रोज शहरात थांबत-थांबत जाणार असाल तर मूळचाच ठेवा, वाहिनी आणि सील नीट करा. फार मोठा घातला तर हवेने भरायची जागा वाढते, लॅग जाणवतो, म्हणजे दाबल्यावर ताकद उशिरा येते.

उतारावर
गाडी शहरातच फिरते. मग राहू दे. फिन्समध्ये माती न् किडे खूप आहेत, प्रेशर वॉशर मारू का?

काळा_धूर
अजिबात नको, फिन्स आडव्या होतात. साध्या नळीने, शक्यतो मागून पुढे पाणी सोडा म्हणजे आलेल्या वाटेनेच घाण बाहेर पडेल. गाडी पूर्ण थंड असताना. वाकलेल्या फिन्स सरळ करायचा कंगवा मिळतो, हलक्या हाताने.

उतारावर
रविवारी करतो दादा, फोटो टाकतो.