बंद पडलेली मराठी शाळा: वापरात आणावी की तशीच ठेवावी?

डिचोलीकर: पटसंख्या नाही म्हणून आमच्या गावची सरकारी मराठी शाळा बंद पडली. गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या राजवटीत गावोगाव शाळा निघाल्या, त्यातलीच ही. चिऱ्यांच्या भिंती, मंगळुरी कौलं, भिंतीवरच काळा रंग देऊन केलेला फळा. आता ग्रामसभेत ठराव येतोय: सकाळी अंगणवाडी, दुपारी महिला गटाचं शिवणकाम, संध्याकाळी वाचनालय आणि जत्रेआधी महिनाभर नाटकाच्या तालमी. माझा पाठिंबा. कुलूप राहिलं तर दोन पावसाळ्यांत वाळवी वासे खाईल.

आंब्याखालचा: वाळवीचं पटलं. पण मे महिन्यात कौलं कोण परतणार? आमच्या वाड्यावरची शाळा अशीच 'सर्वांसाठी' दिली होती. आज तिथे मंडपाच्या खुर्च्या आणि मोडकी मखरं, चावी एकाच घरी. शिवाय शाळेची जमीन भाटकाराने, म्हणजे जमीनदाराने, तोंडी दिलेली. शाळा नाही म्हटल्यावर वारस उभे राहतील. जमीन कोणाच्या नावावर ते दाखवणारा एक-चौदाचा उतारा काढलाय कोणी?

डिचोलीकर: उतारा काढायला हवा, मान्य. पण बंद इमारतीवर वारस हक्क सांगणार नाहीत असं थोडंच आहे? उलट रोज माणसं येत-जात असली तर बरं.

आंब्याखालचा: आणि उद्या शाळेसाठी दहा मुलं झाली, तर?

डिचोलीकर: कुठून होणार? तुमची नातवंडं कुठल्या माध्यमात आहेत, विचारू का?

चुना-चिरा: भांडण चालू द्या, मी गवंडीकामाचं बोलतो. ठेकेदार आला की आधी चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंट मारतो. चिरा ओल पितो. चुन्यातून ती बाहेर पडते, सिमेंटमागे कोंडते. मग तीन वर्षांत पापुद्रे सुटतात आणि दोष जुन्या इमारतीवर. ठरावात 'डागडुजी चुन्यातच' एवढं घाला. पणजीत जुन्या गोमेकॉची, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजची, इमारत २००४ साली इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी सावरली, म्हणून आज उभी आहे.

आंब्याखालचा: इफ्फीचं गावाला सांगू नका. तिथे सरकारी तिजोरी, इथे वीजबिल भरताना पंच एकमेकांकडे बघतात.

डिचोलीकर: तालमीवाल्यांकडून भाडं घेऊ. नाटकाच्या पडद्याला पैसे निघतात, तर कौलांना का नाही?

आंब्याखालचा: चावी कोणाकडे, ते ठरावात लिहून आणा, मग बोलू. रविवारी दहाला ग्रामसभा. म्हणजे साडेदहाला.