त्या उन्हाळ्यात काय पाहिलंत, काय ऐकलंत? बेळगाव-निपाणी-खानापूरकडचे अनुभव

माळ्यावरचा पत्र्याचा डबा परवा खाली काढला, तर त्यात साठची एक कॅसेट निघाली. पट्टीवर माझंच अक्षर : 'मे ८८, भरलेली'. मुलीनं विचारलं, कशानं भरलेली? तिला सांगायला बसलो आणि तासभर त्या सुट्टीबद्दलच बोलत राहिलो. म्हणून हा धागा.

बेळगाव, शहापूर, वडगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, कुठलेही असा. सोळा ते बावीस वयातला एक उन्हाळा निवडा आणि लिहा. सिनेमा, गाणी, आणि उरलेला दिवस कसा जायचा ते. सीमाप्रश्नावर आपण एरवी भरपूर भांडतो, इथं तो आपोआप येईल तेवढाच येऊ दे.

सुरुवात मी करतो.

पीयूसी दुसऱ्या वर्षाची, म्हणजे बारावीची, परीक्षा संपली होती. घर टिळकवाडीत, पहिल्या रेल्वे गेटापाशी. खडेबाजाराच्या बाजूला कॅसेट भरून देणारं एक दुकान होतं. कोरी कॅसेट न्यायची, वहीच्या पानावर गाण्यांची यादी द्यायची, चार दिवसांनी घ्यायला जायचं. एका बाजूला तीस मिनिटं, म्हणजे सहा गाणी नीट बसतात. आम्ही सात लिहायचो आणि दुकानदार "बसवतो की" म्हणायचा. मग सातवं गाणं दुसऱ्या कडव्यात खटकन तुटायचं. त्याची इतकी सवय झाली की रेडिओवर तेच गाणं पूर्ण लागलं, तर पुढचं कडवं कुणीतरी मागाहून चिकटवल्यासारखं वाटे.

'कयामत से कयामत तक' त्या वर्षी २९ एप्रिलला प्रदर्शित झाला. आमच्यापर्यंत आधी त्याची गाणी आली. प्रिंटा मोजक्या असायच्या; मोठ्या शहरांत चालून चालून त्यांच्यावर रेघोट्या उठल्या की मग पेटी आपल्याकडे. त्यामुळे महिनाभर आम्ही तो सिनेमा नुसता ऐकला. आनंद-मिलिंदची गाणी सगळ्यांना पाठ, गोष्ट मात्र ज्याची त्याची. माझ्या एका मित्राच्या गोष्टीत शेवटी दोघांचं थाटात लग्न व्हायचं. बिचारा थिएटरातून बाहेर पडला तो घर येईपर्यंत बोलला नाही.

बाकी दिवसाचं सांगण्यासारखं फार नाही. रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रामायण', तेव्हा गल्लीत चिटपाखरू नसे. एरवी सकाळी विहिरीवर पोहणं, दुपारी टेप, चारच्या सुमाराला वळीव. वळवासोबत लाइट जायची, मग टेप सेलवर. सेल उतरले की भला गायकही दारू प्यायल्यासारखा गाऊ लागे. दुसऱ्या दिवशी ते सेल पत्र्यावर उन्हात वाळत घालायचे. अर्धा तास तरी चालायचे.

शेजारी धारवाडकडचं कुटुंब राहायला आलं होतं. त्यांच्या घरी टेप नव्हता, पण कन्नड नट-गायक राजकुमारांच्या गाण्यांच्या दोन कॅसेटी होत्या. एका दुपारी त्या घरच्या अक्का कुंपणापाशी आल्या, कॅसेट माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "हाड हच्चो, तम्मा." आमची आजी पायरीवर तांदूळ निवडत होती. तिला कन्नडातलं 'यल्ली' आणि 'येष्टु' एवढंच यायचं. ती सूप ठेवून उठलीच. "माझ्या नातवाला हाड हाड करते? हा काय कुत्रा आहे?" मी तिला धरून बसवलं. हाड म्हणजे गाणं, हच्च म्हणजे लाव. बाळा, गाणं लाव असं म्हणतायत त्या. आजी थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मग लाव की. ताटकळत काय ठेवलायस तिला?" पुढं आमच्या घरात गाणं लावायचं झालं की आजीच ओरडायची, "हाड हच्च रे!" पाहुणे बावचळायचे.

सिनेमा अखेर मे संपता संपता लागला. पहिल्याच शनिवारी दोन तास उन्हात रांगेत उभा राहून मी चार तिकिटं मिळवली. येताना गेट पडलेलं, मीटरगेजवरून मालगाडी रेंगाळत चाललेली, आणि मी सायकलवर एक पाय टेकून खिशातली तिकिटं पुन्हा पुन्हा चाचपतोय. माझ्या त्या उन्हाळ्यातलं सगळ्यात स्पष्ट आठवणारं चित्र तेच आहे. सिनेमातलं एवढं आठवत नाही.

आता तुमचं येऊ दे.

वडगावचा विणकर

आमच्यात सुट्टी लागली की पोरगं मागापाशी. साल १९९३, मी अठरा. खोली एक, यंत्रमाग चार. माझं काम कांड्या, म्हणजे आडव्या सुताच्या नळ्या, भरायचं. कांडी संपली की धोट्यातली काढायची, नवी घालायची, माग थांबता कामा नये. फळीवर टेप ठेवलेला, पण त्या खडखडाटात गाण्याचे शब्द नीट कळायचेच नाहीत. ढोलक तेवढी ऐकू यायची, आणि तीही मागाच्या ठेक्यात कधी बसायची, कधी सरकायची. दोन्ही जुळले की मी मान डोलवायचो, आणि नेमका तेव्हा ताण्याचा धागा तुटायचा. वडील न बघता ओरडायचे, "गाणं बंद कर, नाहीतर माग तरी बंद कर." तुटलेलं टोक शोधून अशी गाठ मारायची की साडीवरून बोट फिरवलं तरी लागू नये. मला ती जमायला तो अख्खा मे लागला.

एक मात्र आहे. लाइट गेली की गल्लीतले सगळे माग एकदम थांबायचे. कान सुन्न. आणि मग कळायचं, पलीकडच्या घरातल्या म्हातारीचा सेलवरचा रेडिओ मघापासून चालूच होता. मला आठवतात ती सगळी गाणी अशी मधूनच सुरू होणारी आहेत.

शनिवारी हिशेब, रविवारी सिनेमा. कुठला, ते बघायचो नाही. जिथं तिकीट मिळेल तिथं.

निपाणीकर

सगळ्यांचे उन्हाळे गोड दिसतायत, म्हणून लिहू की नको असं झालं होतं.

माझा १९८१ चा. तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या हाकेवर मार्चमध्ये शेतकऱ्यांनी निपाणीला हायवे अडवला. वडील आणि चुलते रस्त्यावरच राहायला. मी सतरा वर्षांचा, दोन वेळचा डबा पोचवायचो. रात्री तिथं भजन बसायचं. आमच्या शेजारच्या गावचा एक म्हातारा ढोलकी वाजवायचा. त्यानं मला समोर बसवून मांडीवर बोटं आपटायला लावली आणि आठवडाभरात भजनी ठेका शिकवला. शाळेत जे दहा वर्षांत डोक्यात शिरलं नाही ते तिथं डांबरावर बसून शिरलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गोळीबार झाला. शेतकरी मेले. वडील परत आले, म्हाताराही परत आला. पण त्यानं त्या उन्हाळ्यात ढोलकीला हात लावला नाही, आणि मीही मागायला गेलो नाही. घरी सांगली केंद्र लागायचं ते बातम्या आणि बाजारभावापुरतं. गाणी सुरू झाली की आई उठून बंद करायची. विड्या वळताना हजारांचा आकडा पुरा होईपर्यंत एरवी ती गुणगुणत असे. त्या दोन महिन्यांत फक्त पानं कापायच्या कात्रीचा आवाज.

सिनेमाचं विचारलंत म्हणून : त्या वर्षी एकही नाही.

गल्लीतला मावळा

वरचं वाचून जरा थांबलो होतो. तरी लिहितो.

बेळगावची शिवजयंती वैशाखातली, म्हणजे ऐन सुट्टीत. चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते, पार दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. २००३ मध्ये आमच्या मंडळानं सजीव देखावा केला. मला मावळ्याचं काम. संवाद आधीच कॅसेटवर भरलेले, आम्ही नुसते ओठ हलवायचे आणि तलवार उगारायची. मिशी डिंकानं चिकटवलेली.

रात्री दीडच्या पुढं कधीतरी टेपनं फीत गिळली. आधी महाराजांचा आवाज घोगरा झाला, मग एकदम बारीक, मग शांतता. समोर तोबा गर्दी. ट्रॅक्टरखाली वाकून आमचा एकजण पेन्सिलीनं फीत गुंडाळतोय आणि आम्ही सगळे तलवार वर करून पुतळ्यासारखे. हात भरून आला. घामानं मिशीची एक बाजू सुटली. गर्दीतून एक आजोबा ओरडले, "अरे मावळ्या, बोल की आता तूच!" मग मी बोललो. पाठ नव्हतं तरी बोललो. काय बोललो ते विचारू नका. सिनेमातले, शाळेच्या धड्यातले आणि आमच्या मास्तरांचे, असे तिन्ही संवाद एकत्र झाले. टाळ्या मात्र दणदणीत पडल्या.

दुसऱ्या दिवशी डिंकानं ओठाच्या वर लाल पट्टा उठला, तो आठवडाभर होता. मिसरूड फुटायच्या वयात तो मिरवलासुद्धा.

चिकोडीहून, वय वर्षे फार नाही

काका-मामांच्या धाग्यात घुसतोय. माझा उन्हाळा २०१६ चा. 'सैराट' आला तोही २९ एप्रिललाच, धागाकर्त्यांच्या सिनेमानंतर बरोबर २८ वर्षांनी. दोन्हींत प्रेम, दोन्हींचा शेवट तसलाच. एप्रिलच्या त्या तारखेला काहीतरी आहे.

त्या मे महिन्यात लग्नाला जायचो ते जेवायला की 'झिंगाट'वर नाचायला, आम्हालाच सांगता आलं नसतं. बेंजोवाल्यांना दुसरं काही वाजवूच द्यायचो नाही. एका लग्नात तर नवरदेवच घोड्यावरून उतरला.

खरी मजा पुढच्या वर्षी. त्याचाच कन्नड अवतार आला, 'मनसु मल्लिगे', नायिका तीच, रिंकू राजगुरू. माझा कॉलेजचा दोस्त कन्नड माध्यमाचा, त्यानं मराठीतला बघितला नव्हता. दोघं गेलो. चाली ओळखीच्या, शब्द त्याच्या भाषेतले; तो गाणी गुणगुणतोय, मी त्याच चालीत मराठी शब्द घुसवतोय. मध्यंतरात तो म्हणाला, "पुढं काय होतंय सांग की." मी भजी खात राहिलो. शेवटी दिवे लागले तेव्हा त्यानं मला जी शिवी दिली ती कन्नडच होती, पण समजायला भाषांतर लागलं नाही.

खानापूरकर

आमच्याकडं थिएटरपेक्षा व्हिडिओच जास्त. गल्लीत वर्गणी काढून रात्रीपुरता व्हीसीआर भाड्यानं, चार कॅसेटी, पहाटेपर्यंत चारही संपल्या पाहिजेत कारण भाडं रात्रीचं. तिसऱ्या सिनेमाला निम्मे झोपलेले, चौथा मी एकट्यानं बघायचो. सकाळी सगळे मला त्याची गोष्ट विचारायचे, आणि मी करवंदांच्या द्रोणावर सांगायचो. एक द्रोण, एक गोष्ट. झोप लागली असेल त्या दिवशी गोष्ट जास्त चांगली जमायची.

टिळकवाडीची अक्का

धागाकर्ता माझा सख्खा धाकटा भाऊ आहे, हे आधी सांगून टाकते.

दोन तास उन्हात हा उभा होता? खिडकीवर बायकांची रांग वेगळी असायची आणि लहान असायची, हे ठाऊक असल्यामुळं त्यानं मला घरून उठवून नेलं. त्या सकाळी आम्ही गच्चीवर शेवया वळत होतो. आई, मावशी, मी आणि शेजारच्या त्याच धारवाडच्या अक्का. तुम्ही सगळे म्हणताय ना सुट्टी, सुट्टी. आमचा मे म्हणजे शेवया, कुरडया, सांडगे, पापड. रेडिओ गच्चीवरच असायचा, त्यामुळं गाणी मलाही तेवढीच पाठ होती. हाताला चिकटलेलं पीठ तसंच वाळलेलं, तशी मी सायकलच्या दांडीवर बसून गेले. वीस मिनिटांत तिकिटं काढली. साहेब समोरच्या झाडाच्या सावलीत मित्रांबरोबर उभे होते.

ठरलं होतं, एका तिकिटामागं एक गोटी सोडा. चार तिकिटं झाली. एकही सोडा मिळाला नाही.

धागाकर्ता

अक्का, झाडाचं मान्य. पण तू पाच तिकिटं काढली होतीस. पाचवं तुझ्या मैत्रिणीला दिलंस, त्याचे पैसे कुणाच्या खिशातले होते ते पण लिही की.