मदत हवी आहे : कामठीच्या गार्ड्स रेजिमेंटविषयी

सर्व सदस्यांना नमस्कार. मौदा तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयासाठी, प्रजासत्ताक दिनानिमित्त, मी भारतीय लष्करातील गार्ड्स रेजिमेंटवर माहितीफलक तयार करीत आहे. ब्रिटनमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या आदेशाने १९०० साली आयरिश गार्ड्स आणि पंचम जॉर्जच्या सनदेने १९१५ साली वेल्श गार्ड्स उभी राहिली. म्हणजे आश्रय राजघराण्याचा, पण ओळख आपापल्या भूमीची. आपल्याकडे १९४९ साली गार्ड्स उभारताना मात्र जुन्या नामांकित पलटणी एकत्र आणून भरतीतील जात-प्रांताची अट दूर केली गेली, आणि मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. त्या पलटणींतील जवानांनी हा बदल कसा स्वीकारला आणि १९५० नंतर राजमुकुटाची चिन्हे कशी बदलली, हे सांगू शकणारे निवृत्त सैनिक किंवा मराठी लेखन कोणास ठाऊक असल्यास कृपया कळवावे.