मदत हवी आहे: दात सरळ करायला क्लिअर अलाइनर (दातांवर बसवायचे पारदर्शक प्लास्टिकचे साचे) घ्यावेत का?

वय ३८. खालचे पुढचे दात एकावर एक चढलेत. दिसण्याचं मला फारसं काही नाही, इतकी वर्षं तसंच हसतेय! पण त्या फटींत ब्रश पोचत नाही, फ्लॉस अडकून तुटतो, आणि स्केलिंग (डेंटिस्टकडून दातांची सफाई) करून सहा महिने होत नाहीत तोच तिथे परत कीटण साचतं. हिरड्यांतून रक्तही येतं. डेंटिस्ट म्हणाल्या, आधी हिरड्यांची सूज पूर्ण उतरू दे, मगच दात हलवायचे. हे पटलं.

त्यांनी तारेच्या ब्रेसेसऐवजी अलाइनर सुचवलेत. जेवताना आणि ब्रश करताना काढता येतात, म्हणून दात नीट घासता येतात. पण दिवसाचे २०-२२ तास घालायचे, आणि ते लावलेले असताना पाण्याशिवाय काही नाही. माझ्यासारख्या दर दोन तासांनी चहा लागणाऱ्या बाईचं कसं व्हायचं?

ज्यांनी केलंय त्यांनी सांगा: दात सरळ झाल्यावर हिरड्यांत खरंच फरक पडला का, की स्वच्छतेची सवय लागली म्हणून पडला? अलाइनरची पकड बसावी म्हणून दातांवर बारीक उंचवटे चिकटवतात, त्यांच्याभोवती घाण साचते का? एक दाढ दुसऱ्या दाढेवर घासून झिजलीय, चावा (वरखालचे दात एकमेकांवर बसणं) सुधारल्यावर तो त्रास कुणाचा थांबला का? आणि नंतर रिटेनर (सरळ झालेले दात जागेवर राहावेत म्हणून घालायचा साचा) रोज रात्री घालणं तुम्हाला जमतंय का, खरं सांगा. घरी बसून कुरियरने मागवायचे अलाइनर सुचवू नका, एक्स-रे न काढता दात हलवायची माझी तयारी नाही.